तेम्पुरा आणि हात आखडता घेण्याची कला

मासे, कोळंबी, माकूळ आणि हंगामातील भाज्या गव्हाच्या पिठाच्या पातळ व थंड घोळात बुडवून भरपूर तेलात तळण्याची जपानी पद्धत आणि त्या पद्धतीने होणारा पदार्थ, या दोहोंना तेम्पुरा असे एकच नाव आहे. वर्णन इतके साधे आहे की थोड्याफार फरकाने ते जगातील कोणत्याही तळणीला लागू पडावे. पीठ, तेल आणि आच या तीनच गोष्टींवर उभ्या असलेल्या या पदार्थाला जपानी पाकपरंपरेत सुशी आणि सोबा यांच्या पंगतीत मानाचे पान का मिळाले, असा प्रश्न त्यामुळेच पडतो. त्याचे उत्तर सामग्रीपेक्षा त्या सामग्रीशी वागण्याच्या रीतीत शोधावे लागते. तेम्पुरा करणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर हात आखडता घ्यावा लागतो: घोळ पुरता ढवळायचा नाही, पिठाचे आवरण जाड होऊ द्यायचे नाही, मसाला घालायचा नाही, आणि पदार्थ शिजतो न शिजतो तोच तेलातून बाहेर काढायचा. परदेशातून आलेली ही पाककृती अस्सल जपानी कशी झाली, याचा इतिहासही याच संयमाचा इतिहास आहे.

इ.स. 1543 मध्ये एका चिनी जहाजातून आलेले काही पोर्तुगीज दक्षिण जपानमधील तानेगाशिमा या बेटावर उतरले आणि तेथून पुढे सुमारे 100 वर्षे पोर्तुगीज व्यापारी व ख्रिस्ती धर्मप्रसारक यांचा जपानशी निकटचा संबंध राहिला. हा संबंध गोव्याच्या मार्गाने जुळलेला होता, कारण पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेची राजधानी गोव्यात होती आणि जपानकडे जाणारी जहाजे गोवा, मलाक्का, मकाव असे टप्पे घेत पुढे जात. फ्रान्सिस झेवियर 1549 च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघून ऑगस्टमध्ये कागोशिमाला पोहोचले, तेव्हा त्यांच्यासोबत आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ होता, ज्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता आणि ज्याने तेथील सेंट पॉल कॉलेजात शिक्षण घेतले होते. 1571 पासून नागासाकी हे बंदर पोर्तुगीज व्यापाराचे मुख्य ठाणे झाले आणि बंदुका व रेशीम यांच्या जोडीने काही खाद्यप्रकारही त्या किनाऱ्यावर उतरले. कास्तेला हा मऊसूत केक आणि कोन्पेइतो ही साखरेची काटेरी गोळी ही त्याच काळाची देणगी होय. पिठाच्या घोळात बुडवून तळण्याची रीतही याच वाटेने आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पोर्तुगालमध्ये फरसबीच्या शेंगा अशाच रीतीने तळून खाण्याचा प्रघात आजही आहे.

या तळणीमागे धार्मिक आचाराचाही धागा होता. रोमन कॅथलिक पंचांगात ऋतूंच्या सांध्यावर वर्षातून चार वेळा तीन-तीन दिवसांचे उपवास येत, त्या दिवशी मांस वर्ज्य असे आणि पानात मासे व भाज्या येत. या उपवासकाळाच्या लॅटिन नावावरूनच तेम्पुरा हे नाव आले असावे, असे एक मत आहे, तर इतर काही अभ्यासक मसाला या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाकडे बोट दाखवतात. तथापि तळण्याची क्रिया जपानला अगदीच अपरिचित होती असे नाही. चीनमधून आलेल्या तळलेल्या पिठाच्या मिठाया नारा काळापासून दरबारी व धार्मिक प्रसंगी होत असत, आणि झेन मठांतील ‘शोजिन र्योरी’ या शाकाहारी पाकपद्धतीत भाज्या व सोयाबीनचे पदार्थ तेलात तळले जात. म्हणजे पोर्तुगीज पद्धत आली ती कोऱ्या पाटीवर उमटली नाही. आधीच्या एका मितभाषी, मठात वाढलेल्या परंपरेशी तिची गाठ पडली. तेम्पुराच्या पुढील स्वभावात जो साधेपणा दिसतो, त्याचा काही अंश या दुसऱ्या परंपरेकडून आला असावा.

सतराव्या शतकाच्या आरंभी मात्र तळण ही चैनीची गोष्ट होती, कारण तेल प्रामुख्याने दिव्यासाठी वापरले जाई आणि ते महाग होते. तोकुगावा सत्तेचा संस्थापक इएयासु याच्याविषयीची सुप्रसिद्ध कथा याच पार्श्वभूमीवर वाचावी लागते. 1616 च्या आरंभी शिकारीच्या मुक्कामात त्याला एका व्यापाऱ्याने सांगितले की, ‘ताई’ नावाचा उंची मासा ‘काया’ या सूचिपर्णी वृक्षाच्या बियांच्या तेलात तळून खाण्याची टूम सध्या क्योतोकडे निघाली आहे. इएयासुने तो पदार्थ करवून खाल्ला, त्याच रात्री त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या आणि काही महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला. लोकांनी मृत्यूचा ठपका तळलेल्या माशावर ठेवला असला, तरी त्याचे खरे कारण जठराचा कर्करोग असावे, असे आज बहुधा मानले जाते. शिवाय त्या माशाला पिठाचे आवरण असल्याचा उल्लेख नाही, त्यामुळे त्याला काटेकोरपणे तेम्पुरा म्हणता येणार नाही. या कथेचे मोल वेगळेच आहे: देशाच्या सर्वांत सामर्थ्यवान माणसालाही तळलेला मासा ही नवलाई वाटत होती, हे तिच्यातून कळते.

पुढे 1639 मध्ये तोकुगावा शासनाने पोर्तुगीज जहाजांना बंदी केली आणि ख्रिस्ती धर्माचे अनुयायी तर त्याआधीपासूनच छळाला तोंड देत होते. धर्म नाकारला गेला, व्यापारी परत गेले, पण तळण राहिले. त्यांच्या वस्तूंपैकी काय टाकायचे याचा निर्णय राजसत्तेने घेतला, काय ठेवायचे याचा निर्णय मात्र स्वयंपाकघरांनी घेतला, आणि ठेवलेले जसेच्या तसे ठेवायचे नाही हेही त्यांनीच ठरवले. 1748 मधील ‘कासेन नो कुमिइतो’ या पाकग्रंथात तेम्पुराचे वर्णन माशाला गव्हाचे पीठ लावून तेलात तळणे असे येते, म्हणजे तोवर ही रीत लेखी पाकशास्त्रात स्थिरावली होती.

तेम्पुराला खरे रूप आले ते एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत. अठराव्या शतकात या शहराची वस्ती 10 लाखांच्या घरात गेली आणि तिच्यात एकट्या पुरुषांचा, विशेषतः कारागीर, मजूर आणि सरदारांच्या पदरी असलेल्या शिपायांचा भरणा मोठा होता. याच काळात मोहरीच्या कुळातील बियांच्या तेलाचे उत्पादन वाढून तेल आवाक्यात आले, आणि शहरासमोरच्या उपसागरातून कोळंबी, खाडीतले लहान मासे, ‘आनागो’ नावाची समुद्री वाम आणि शिंपल्यांचे मांस रोज निहोनबाशीच्या मासळीबाजारात येऊ लागले. लाकूड आणि कागद यांनी बांधलेल्या या शहराला आगीची धास्ती सदैव असे. 1657 च्या महाभयंकर आगीत निम्म्याहून अधिक शहर जळाले होते. घरात तेलाची कढई तापवणे म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही संकटात लोटणे होते, म्हणून तळणीचा धंदा उघड्यावर, पुलांच्या तोंडाशी आणि नदीकाठी, ‘याताई’ म्हणजे उचलून नेता येणाऱ्या लाकडी टपऱ्यांवर वाढला. ताजी मासळी, स्वस्त झालेले तेल, घाईत असलेले गिऱ्हाईक आणि आगीचे भय या चार गोष्टी एकत्र आल्या आणि त्यांतून एक नागर पदार्थ घडला.

या टपऱ्यांचे एक बोलके चित्र कुवागाता केइसाई या चित्रकाराने 1805 च्या सुमारास काढलेल्या, विविध कारागिरांची ओळख करून देणाऱ्या चित्रगुंडाळीत आहे. तेम्पुराच्या टपरीपुढे गिऱ्हाइके उभी आहेत, आणि त्यांत एक सामुराई डोक्यावरून कापड ओढून तोंड लपवून आला आहे. रस्त्यावर उभे राहून खाणे त्याच्या दर्जाला शोभणारे नव्हते, तरीही त्याला राहवले नाही. काडीला टोचलेला गरम तुकडा, सामाईक भांड्यातले पातळ सार आणि त्यासोबत तेलकटपणा मोडण्यासाठी किसलेला पांढरा मुळा, अशी खाण्याची तऱ्हा होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ‘मोरिसादा मान्को’ हा लोकजीवनाचा कोश रचणाऱ्या किटागावा मोरिसादाने नोंदवून ठेवले आहे की, एदोमध्ये तेम्पुरा म्हटले की मासळीच समजावी; भाज्या तळल्या तर त्यांना नुसते तळण म्हणत. मासे आणि भाज्या दोन्ही एकाच नावाखाली येणे ही नंतरची घडामोड होय.

इथवरचा इतिहास पदार्थाच्या भोवतालचा झाला. त्याच्या अंतरंगात शिरायचे तर घोळापासून सुरुवात करावी लागते. या घोळाला ‘कोरोमो’, म्हणजे वस्त्र, असे म्हणतात. अंडे बर्फासारख्या थंड पाण्यात फोडून मिसळायचे आणि त्यात तेवढ्याच मापाचे, प्रथिने कमी असलेले मऊ गव्हाचे पीठ टाकायचे, एवढीच त्याची कृती. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन नावाची दोन प्रथिने असतात, ती पाण्याच्या संगतीत आणि ढवळण्याच्या जोराने एकमेकांत गुंफली जातात आणि त्यांतून ग्लुटेन नावाचे चिवट जाळे तयार होते. पावाला हेच जाळे हवे असते, कारण ते हवा धरून ठेवते. तेम्पुराला ते नको असते, कारण त्यामुळे आवरण जाड, चिवट आणि तेल पिणारे होते. म्हणून पाणी थंड ठेवायचे, प्रसंगी पीठही थंड करायचे, घोळ तळणीच्या ऐन वेळी करायचा, आणि जाड चॉपस्टिकांनी दहा-बारा वेळा टोचल्यासारखे हलवून थांबायचे. भांड्यात गुठळ्या दिसतात, कडेला कोरडे पीठ चिकटलेले असते, आणि नवशिक्याला हे काम अर्धवट राहिले असे वाटते. वास्तविक ते तेथेच पूर्ण झालेले असते.

महाराष्ट्रातील वाचकाला हा मुद्दा भज्यांच्या तुलनेने चटकन पटेल. भज्यांचे पीठ हरभऱ्याच्या डाळीचे असते, त्यात ग्लुटेन नसते, म्हणून ते हाताने भरपूर फेटले तरी चिवट होत नाही, उलट हलके होते. त्यात कडकडीत तेलाचे मोहन घालतात, तिखट, हळद, ओवा घालतात, आणि आवरणाची स्वतःची खमंग चव हा त्या पदार्थाचा अर्धा आनंद असतो. तेम्पुराच्या आवरणाला स्वतःची चव जवळजवळ नसते आणि ती नसावी अशीच अपेक्षा असते. एकीकडे पीठ आणि भाजी मिळून तिसरी चव निर्माण करतात, तर दुसरीकडे पिठाचे काम आतल्या वस्तूला तिच्या स्वतःच्या चवीपर्यंत पोहोचवणे एवढेच असते. दोन्ही रीती आपापल्या जागी परिपूर्ण आहेत, आणि भज्यांच्या सवयीने तेम्पुराचे पीठ फेटायला गेल्यास तो का बिघडतो, हेही यावरून ध्यानात येते.

या शिस्तीचे सर्वांत स्पष्ट दर्शन कोळंबीच्या तयारीत घडते. ‘कुरुमा एबी’ ही पट्ट्यापट्ट्यांची कोळंबी तेम्पुरासाठी सर्वोत्तम मानली जाते. तिचे डोके काढून कवच सोलतात, पण शेपटीचा पंखा आणि त्याच्या लगतचे कवच राखतात. पाठीतला काळा दोरा सळईने अलगद ओढून काढतात. शेपटीच्या टोकात पाणी साठलेले असते आणि ते तेलात गेले तर तेल उडते, म्हणून ते टोक तिरके कापून सुरीच्या पात्याने पाणी निपटून घेतात. कोळंबी आचेवर आक्रसून वळते, म्हणून पोटाच्या बाजूने चार-पाच उथळ चिरा देऊन ती उताणी-पालथी करून बोटांनी हलकेच दाबतात, तेव्हा आतले स्नायू तुटल्याचे बोटांना जाणवते आणि ती सरळ होते. मग तिच्यावर कोरड्या पिठाचा हात फिरवतात, जेणेकरून ओला घोळ घसरू नये, आणि शेपटी धरून तिला घोळातून ओढत तेलात सोडतात. एका लहानशा जिवावर इतकी मेहनत घ्यायची आणि ती खाणाऱ्याला दिसूही द्यायची नाही, यात कारागिराचा जो आदर आहे तो त्या कोळंबीविषयीचाही आहे.

तेलात गेल्यावर जे घडते ते तळण आणि वाफवणे यांचा संगम असते. तेलाचे तापमान साधारण 160 ते 180 अंश सेल्सिअस ठेवतात, भाज्यांना थोडे कमी आणि मासळीला थोडे जास्त. अंदाजासाठी घोळाचा एक थेंब टाकून पाहतात: तो तळाशी जाऊन सावकाश वर आला तर तेल अजून थंड आहे, अर्ध्यातून वर आला तर योग्य आहे, आणि पृष्ठभागावरच विखुरला तर फार तापले आहे. घोळातले पाणी तत्क्षणी वाफ होऊन बाहेर झेपावते, तिच्या दाबामुळे तेल आत शिरू शकत नाही, आणि आवरणात तिने सोडलेल्या असंख्य सूक्ष्म पोकळ्यांतून कुरकुरीतपणा येतो; आतला मासा मात्र स्वतःच्याच ओलाव्यात वाफवला जातो. सुरुवातीला बुडबुडे मोठे आणि आवाज खर्जातला असतो. पाणी कमी होत जाते तसे बुडबुडे बारीक होतात आणि आवाज चढत जातो. मुरलेला तळणारा घड्याळापेक्षा कानावर अधिक भिस्त ठेवतो, आणि आवाज बदलताच, मधला गाभा जेमतेम शिजला असतानाच, तुकडा उचलतो, कारण उरलेले शिजणे तुकड्यात साठलेल्या उष्णतेवर पानात जाईपर्यंत पुरे होणार असते. अति तेथे माती, ही मराठी म्हण या क्षणी शब्दशः खरी ठरते.

प्रत्येक वस्तूची थांबण्याची जागा वेगळी असते, आणि ती ओळखणे म्हणजेच त्या वस्तूला ओळखणे. ‘किसु’ हा कोकणातल्या मुडदुशीच्या कुळातील नाजूक पांढरा मासा क्षणभरच तेल सहन करतो. शिसो या सुगंधी पानाला घोळ एकाच बाजूने लावतात, म्हणजे दुसऱ्या बाजूचा हिरवा रंग आणि गंध शाबूत राहतो. कमळकाकडीचा करकरीतपणा टिकवायचा असतो, तर वांग्याचा गर लोण्यासारखा होऊ द्यायचा असतो. वसंताच्या तोंडाशी डोंगरातून येणारे ‘फुकिनोतो’ आणि ‘तारानोमे’ हे कडवट कोंब तळले की त्यांचा कडवटपणा सौम्य होतो, पण नाहीसा होत नाही, आणि तसा तो उरणेच रसिकाला हवे असते. तोक्योतील नामांकित तेम्पुरा आचारी फुमिओ कोंदो यांची ख्याती रताळ्याच्या जाडजूड तुकड्यावर आहे, जो अर्ध्या तासाच्या आसपास मंद तळून मग मुरत ठेवला जातो. घाईच्या या कलेत हा अपवाद वाटेल, पण नियम तोच आहे: रताळ्यातील पिठूळपणा गोडीत उतरायला वेळ लागतो, म्हणून तेथे हात थांबतो तो उशिरा.

तयार तुकड्याचे आयुष्य फार थोडे असते. तेलाबाहेर आल्यावर तो थंडावू लागतो, वाफेचा दाब ओसरतो, पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते आणि आतला ओलावा आवरणात उतरून त्याला मऊ करतो. म्हणूनच उत्तम तेम्पुरागृहांत खाणारे कढईसमोरच्या लाकडी कट्ट्याशी बसतात आणि आचारी एकेक तुकडा कागदावर निथळून त्यांच्यापुढे ठेवतो. रस्त्यावरच्या टपरीचे नाते येथे निराळ्या थाटात टिकून राहिले आहे. सोबत ‘तेन्त्सुयु’ नावाचे कोमट सार असते, जे कोंबू हे समुद्रशैवाल आणि वाळवलेल्या बोनितो माशाचा कीस यांचा अर्क, सोया सॉस आणि मिरिन ही गोड तांदळाची मद्यार्कयुक्त पाकसामग्री यांपासून करतात. तोक्योकडे तिळाच्या तेलात तळून साराबरोबर, तर क्योतो-ओसाकाकडे हलक्या तेलात तळून मिठाबरोबर खाण्याची चाल होती. 1923 च्या तोक्यो परिसरातील भूकंपानंतर आचाऱ्यांची पांगापांग झाली आणि या दोन्ही रीती एकमेकींत मिसळल्या. भातावर गोडसर सार घालून केलेला ‘तेन्दोन’ किंवा सोब्याच्या कढणावर तरंगणारा तेम्पुरा यांत आवरण मुद्दाम भिजू दिले जाते, आणि त्या मऊपणालाही त्याचा स्वतःचा रसिकवर्ग आहे.

आज तेम्पुरा जगभर पोहोचला आहे. बेकिंग पावडर व स्टार्च मिसळलेली तयार पिठे आणि गोठवलेली सरळ कोळंबी यांमुळे कुरकुरीतपणा कोणालाही साधता येतो, आणि ही सोय वाईट आहे असे म्हणण्याचे कारण नाही. घरोघरी तो होऊ शकला तो याच सोयीमुळे. मात्र कुरकुरीतपणा हे तेम्पुराचे फलित आहे, सार नव्हे. तो सहज मिळू लागला की त्यामागचा विचार विसरला जाण्याचा धोका असतो. समोरच्या वस्तूला आपल्या कौशल्याने झाकायचे नाही, तिला जेवढे हवे तेवढेच द्यायचे आणि वेळीच बाजूला व्हायचे, असा तो विचार आहे. तो स्वयंपाकाइतकाच अध्यापनाला, लेखनाला आणि कोणत्याही कारागिरीला लागू पडतो, म्हणून त्याचे जतन होणे अगत्याचे आहे.

एखादा पदार्थ मूळचा कोणाचा, हा वाद पाकशास्त्राच्या इतिहासात नेहमीच रंगतो आणि बहुधा अभिमानापाशी येऊन अडतो. तेम्पुराच्या बाबतीत पोर्तुगीजांना त्यांचे श्रेय मोकळ्या मनाने द्यावे, झेन मठांना त्यांचे द्यावे, गोव्याहून सुटलेल्या जहाजांनाही द्यावे. एवढे देऊनही जपानचे श्रेय कणभर कमी होत नाही. उसनी वस्तू आपली होते ती मालकी सांगितल्याने नव्हे, तर पिढ्यानपिढ्या तिच्यावर हात चालवून, तिच्यातले काय पुरे झाले आणि काय नको हे ठरवत गेल्याने. एदोच्या टपऱ्यांवर नाव न ठेवता गेलेल्या कितीतरी तळणाऱ्यांनी हे ठरवले, आणि त्यांनी आखून दिलेल्या मर्यादेतच तेम्पुराचे सारे वैभव आहे.